झुकते माप

आमच्या आजोबांनी आरमोरीत दुकान घातले, तेव्हा हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरी, वरच्या अंगाला वडशाचे रेल्वे स्टेशन आणि पूर्वेला पसरलेले जंगल. धान, मोहफूल, हिरडा, लाख, चारोळी असा दुकानाचा माल. जंगलातल्या कूपाचे ठेके आणि कोळशाचा धंदा पंधरा कर्मादानांत येतो म्हणून आजोबांनी त्याला हात लावला नाही. त्यामुळे आम्ही काही गडगंज झालो नाही, पण दुकान चालत राहिले.

आजोबांची एक सवय मला अजून आठवते. एखादा अनोळखी माणूस बाजारभावापेक्षा चढा भाव घेऊन आला, की ते त्याला गादीवर बसवीत, पाणी देत, गावाकडची विचारपूस करीत आणि मग अगदी शांतपणे विचारीत, ‘तुम्हाला हे परवडते कसे?’ भाव किती, पैसे कधी, हे प्रश्न नंतरचे. ज्याला त्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नसे, त्याचा चहा होत असे, सौदा होत नसे.

ही आठवण मी अभिमानाने सांगतो आहे असे वाटेल. पुढचे लिहायचे म्हणून ती आधी सांगितली. गेल्या वर्षी फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या चार महिन्यांत, त्याच गादीवर बसून, मी ३ लाख ४० हजार रुपये एका अनोळखी माणसाच्या हवाली केले आणि तो प्रश्न एकदाही विचारला नाही. माझे गेले त्याचे दुःख ओसरले. माझ्यामुळे दुसऱ्या एकाचे गेले, त्यासाठी हा लेख.

सुरुवात एका व्हॉट्सअ‍ॅप समूहाने झाली. आमच्या एका दूरच्या नातेवाइकाने मला त्यात घेतले. समूहाच्या चित्रात भगवान महावीरांची प्रतिमा होती. सकाळी सहा वाजता कोणीतरी ‘जय जिनेंद्र’ लिहीत असे आणि त्याखाली पन्नास-साठ जणांचे ‘जय जिनेंद्र’ उमटत असे. नावे सारी आपल्यातली वाटावीत अशी, आडनावे ओळखीची. पर्वतिथीच्या दिवशी उपवासाची अनुमोदना व्हायची. या सगळ्यात, जाता जाता म्हणावे तसे, शेअर बाजाराचे सल्ले दिले जात. मोठ्या संस्थांना सवलतीत मिळणारे शेअर आपल्या बांधवांनाही मिळवून देणारे एक अ‍ॅप होते, ते उघडण्याची वाट एका ‘सरां’कडून जात होती आणि सर फक्त ओळखीच्यांनाच घेत असत.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र चालतात. मांडवात प्रेक्षक हजारो आणि रंगमंचावर पात्रे दहा-बारा, असा त्याचा हिशेब. माझ्या समूहात तो हिशेब उलटा होता, हे मला फार उशिरा समजले. पात्रे दीडशे आणि प्रेक्षक मी व माझ्यासारखे दोन-चार. नफ्याचे फोटो टाकणारे, सरांचे आभार मानणारे, ‘मी आधी घाबरलो होतो’ असे लिहून माझ्याच मनातली भीती बोलून दाखवणारे, हे सगळे एकाच पडद्यामागचे होते.

तरी मी सावध होतो, निदान मला तसे वाटत होते. आधी वीस हजारच टाकले. आठ दिवसांनी अ‍ॅपवर ते सव्वीस हजार दिसू लागले. त्यातले पाच हजार काढून पाहिले, तर त्याच संध्याकाळी ते बँकेत जमा. माझी परीक्षा पूर्ण झाली. पैसे परत येतात हे मी स्वतः तपासले होते ना!

इथे मला आमच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती आपल्या घरांत दबक्या आवाजात सांगितली जाते, पण सांगितली जाते हे खरे. आठवडी बाजारात जंगलातून आलेल्या नव्या माणसाला बांधून घ्यायचे असेल, तर पहिल्या खेपेला त्याला शीग लावून माप द्यायचे. पायली शिगोशीग भरायची, वर दोन मुठी तशाच घालायच्या. त्याचा विश्वास बसला की तो पुढच्या खेपेला काट्याकडे पाहत नाही. मग पासंग असला काय आणि नसला काय. मिठाच्या बदल्यात चारोळी घेण्याचा व्यवहार या जंगलपट्टीत अनेक वर्षे याच विश्वासावर चालला. सगळेच व्यापारी तसे नव्हते. आजोबा नव्हते, असे मी मानतो. पण युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. कूटतुला-कूटमान हा अचौर्य व्रताचा अतिचार आपण प्रतिक्रमणात उगीच म्हणत नाही.

माझ्या बँकेत आलेले ते पाच हजार म्हणजे शीग लावलेले माप होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या बाजूला काटा होता, त्या घरातला मी यंदा गिऱ्हाईकाच्या बाजूला उभा होतो आणि काट्याकडे पाहत नव्हतो.

आमचे दिवाणजी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. वडिलांच्या वेळेपासून दुकानात आहेत. कीर्द-खतावणी संगणकावर गेली, तरी दिवसाचा रोजमेळ ते आजही हाताने लिहितात. मी मोबाईलकडे पाहून अधूनमधून हसतो, हे त्यांनी पाहिले असणार. एके दुपारी त्यांनी विचारले आणि मी त्यांना अ‍ॅप उघडून दाखवले. नुसते दाखवले असते तरी चालले असते. मी म्हणालो, ‘दिवाणजी, बँकेत ठेवून काय होते? मी स्वतः काढून पाहिले आहेत.’ त्यांनी मुलीच्या लग्नासाठी जमवलेल्या पैशांतले ६० हजार टाकले. त्यांनी अ‍ॅपवर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता.

ज्येष्ठात माझ्या खात्यावर ११ लाख ८० हजार दिसत होते. खरिपाची तयारी सुरू झालेली, मालाला पैसे हवे होते, म्हणून तीन लाख काढायला गेलो. उत्तर आले की आधी नफ्यावरचा कर म्हणून १८ टक्के, म्हणजे २ लाख १२ हजार ४०० रुपये, दिलेल्या खात्यात भरा. मग सगळी रक्कम मोकळी होईल. पस्तीस वर्षे मी कर भरतो आहे. कर एक तर देणाऱ्याकडून कापला जातो किंवा आपण तो सरकारच्या खात्यात भरतो. सौदा करून देणाऱ्याच्या खिशात तो आगाऊ भरायचा नसतो, हे आमच्या दुकानातल्या पोऱ्यालाही कळेल. तरीही, खरे सांगतो, ती रात्र मी दोन लाख कुठून आणावेत या विचारात घालवली. लोभ सुटत नव्हता असे नाही. आपण फसलो हे मान्य करण्यापेक्षा आणखी दोन लाख देणे सोपे वाटत होते.

पैसे भरले नाहीत, ते मुलीमुळे. ती नागपूरला शिकते. तिने फोनवर एवढेच विचारले, ‘बाबा, आजवर पैसे कोणाच्या नावावर पाठवलेत?’ मी बँकेचा उतारा काढला. सात वेळा पाठवलेले पैसे सात वेगवेगळ्या खात्यांत गेले होते. एक कापडाचे दुकान, एक कुठली तरी वाहतूक एजन्सी, एक भाजीपाल्याची फर्म. शेअर दलाल त्यात एकही नव्हता. आमच्या दुकानात बिल एकाच्या नावाचे आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर मागितले, तर मी गाडी खाली उतरू देत नाही. तोच मी सात वेळा बोट दाबून मोकळा झालो होतो.

आपल्या पूर्वजांच्या व्यवहारात विश्वास होता, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. हुंडीच्या एका चिठोऱ्यावर हजारो रुपये फिरत, हे खरे. पण ती हुंडी नीट वाचली तर दिसते की तो विश्वास किती चौकस होता. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही आलेल्या-गेलेल्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शाह’मार्फतच ते द्यायचे आणि माणूस चुकीचा निघाला तर पैसे घेणाऱ्या त्या शाहाने परत करायचे. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की ती हुंडी खोखा म्हणून जपून ठेवायची. प्रत्येक टप्प्यावर जबाबदार माणूस होता, त्याला नाव होते आणि त्याची पेढी कुठे आहे हे ठाऊक होते. माझ्या समूहात सारी नावे आपली होती आणि त्यांतल्या एकाचीही पेढी कुठे आहे हे मला सांगता आले नसते.

तीन दिवस मी लाजेने कोणाला बोललो नाही. ही दुसरी चूक, आणि पैशाच्या हिशेबाने ती पहिलीपेक्षा मोठी. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार केली, तर पैसे ज्या खात्यांतून पुढे सरकतात ती खाती वाटेतच रोखता येतात. पैसा हलायला तास-दोन तास पुरतात. मी तिसऱ्या दिवशी फोन केला, तेव्हा शेवटच्या खेपेतले १८ हजार कुठेतरी अडकून राहिलेले सापडले. बाकीचे सहा खात्यांतून वाहून गेले होते.

तक्रार करून आल्यावर मी अशा प्रकरणांच्या बातम्या वाचू लागलो. जखमेवरची खपली काढण्यासारखा तो छंद होता, पण त्यातून थोडे शहाणपण आले. वडशाहून जी रेल्वे गोंदियाला जाते, त्या गोंदियातलेच एक प्रकरण जुलै २०२३ मध्ये गाजले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली की ऑनलाईन जुगारात आपली सुमारे ५८ कोटींची फसवणूक झाली. पोलिसांनी गोंदियात संशयिताच्या घरी छापा घातला, तेव्हा १० कोटींहून अधिक रोकड आणि किलोवारी सोने सापडले. त्या तक्रारीत मला सर्वांत ओळखीचे वाटले ते त्याचे आरंभीचे कचरणे. तोही आधी तयार नव्हता. मग आठ लाखांपासून सुरुवात झाली, मधे काही कोटी जिंकल्याचे समाधानही मिळाले. शीग लावलेले माप ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे मोठे होते, इतकेच. द्यूत हे सप्तव्यसनांतले पहिले व्यसन. पण मोबाईलवर त्याला कोणी द्यूत म्हणत नाही, ‘गेम’ म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. कायदा झाला, हे चांगलेच. नाव बदलून तोच खेळ दाराशी येणार नाही, असे मात्र मला वाटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस ज्वेलरीपुढे लोकांची गर्दी उसळली, तेही आपण सर्वांनी पाहिले. दागिने आणि मोइसॅनाइटचे खडे घ्यायचे आणि गुंतवलेल्या पैशांवर दर आठवड्याला सहा टक्क्यांच्या आसपास परतावा मिळवायचा, अशी ती योजना. आमच्या तालुक्यातल्या वैरागडला एके काळी हिऱ्यांच्या खाणी होत्या आणि ‘आईन-ए-अकबरी’त त्यांची नोंद आहे. खऱ्या हिऱ्यांच्या खाणीशेजारी राहूनही आमचा मुलूख श्रीमंत झाला नाही. तिथे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांवर लोक आठवड्याला सहा टक्के मागत होते. मी एके संध्याकाळी गंमत म्हणून हिशेब केला. आठवड्याला सहा टक्के, मिळालेले पुन्हा त्यातच घातले, तर एक लाखाचे वर्षअखेर वीस लाखांहून अधिक होतात. दुसऱ्या वर्षअखेर चार कोटींच्या वर. असा धंदा ज्याच्या हाती आहे, तो दादरच्या भाजीवाल्याकडे पैसे मागायला का येईल? त्याला स्वतःचेच एक लाख पुरे आहेत. ‘तुम्हाला हे परवडते कसे?’ हा प्रश्न म्हणजे याहून वेगळे काय होते?

१९२० मध्ये बोस्टनच्या चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून सांगितले होते. त्याने साधन म्हणून टपालाची आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपने दाखवली, पण मागून येणाऱ्यांच्या पैशांतून तो पुढच्यांना देत होता. टपाल गेले, अ‍ॅप आले.

कोणी म्हणेल, खरा शेअर बाजार तरी आहे ना. आहे, आणि त्यात धीराने पैसा ठेवणाऱ्यांविषयी मला काही म्हणायचे नाही. पण झटपट कमाईचे जे दार तिथे आहे, त्या वायदे-पर्यायांच्या व्यवहारांविषयी सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत दर शंभर वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ जण तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हे खऱ्या बाजारातले, खऱ्या दलालांमार्फत. खोट्या अ‍ॅपवर मात्र शंभरातले शंभर जण नफ्यात दिसत होते, आणि मला त्यात काही खटकले नाही. खऱ्या दलालाची नोंदणी सेबीच्या यादीत पाहता येते. पैसे पाठवण्यापूर्वी त्याचे यूपीआय खाते खरे आहे का, हे तपासण्याची सोयही आता सेबीने केली आहे. पाच मिनिटांचे काम आहे. मी ते केले नाही, कारण विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे आणि आपल्या माणसांवर अविश्वास दाखवणे बरे दिसत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडलो. शंका हा सम्यक्त्वाचा अतिचार आहे, असे लहानपणापासून शिकलो. शंका, कांक्षा, विचिकित्सा, हा क्रम तोंडपाठ. मग व्यवहारात शंका घेणारा श्रावक कमी प्रतीचा का? चातुर्मासात मी हे एका साध्वीजींना विचारले. त्या म्हणाल्या की शंका जिनवचनाविषयी नको. मोबाईलवरच्या माणसाच्या वचनाला जिनवचनाचा मान कोणी दिला? आणि सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत अमूढदृष्टी हेही एक अंग आहे, ते तुम्ही कसे विसरलात? मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘तुमच्यात शंका कमी पडली, असे तुम्ही सांगता. कांक्षेचे काय?’

मी उत्तर दिले नाही. घरी येऊन उपासकदशांगातली आनंद श्रावकाची कथा पुन्हा वाचली. आनंद काही गरीब नव्हता. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेव्यात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरच्या संपत्तीत. व्रत घेतले तेव्हा त्याने तिथेच रेघ ओढली, यापुढे नको. व्यापारी माणसाच्या नजरेने पाहिले तर त्यातली वाटणीही विचार करण्यासारखी आहे. एकतृतीयांशच वाढीला लावलेले. माझ्या परिग्रहाला परिमाण नव्हते. अ‍ॅपवर सव्वीस हजार असताना मला पन्नास हवे होते, अकरा लाख असताना वीस.

भाद्रपदाच्या आधी आणखी एक घडले, तेही सांगतो, कारण या मासिकाच्या वाचकांना ते माझ्या नुकसानीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. एक तरुण दुकानात आला. पोशाख नीट, बोलणे गोड. तो म्हणाला, ‘काका, तुमचे चालू खाते तसेही दिवसभर मोकळे असते. आमच्या कंपनीचे थोडे पैसे त्यातून जातील. शेकड्याला दोन रुपये तुमचे. तुम्हाला काहीच करायचे नाही.’ मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. ते कापडाचे दुकान, ती वाहतूक एजन्सी, ती भाजीपाल्याची फर्म, ज्यांच्या खात्यांतून माझे आणि दिवाणजींचे पैसे वाहून गेले, त्यांच्याकडेही असाच एखादा गोड बोलणारा मुलगा गेला असेल. ते खातेदार चोर असतीलच असे नाही; त्यांनी फक्त विचारले नसेल. पण चोराने आणलेले घेणे, स्तेनाहृत, हा अचौर्याचा पहिलाच अतिचार आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही ती सुटका नव्हे. असे खाते गोठवले जाते, दुकानाचा रोजचा व्यवहार थांबतो आणि चौकशीला खातेदारालाच जावे लागते. मी त्याला बसवले, पाणी दिले आणि विचारले, ‘बाळा, शेकड्याला दोन रुपये तुम्हाला परवडतात कसे?’ तो उठून गेला. आपल्या गावांतून असे तरुण फिरत आहेत आणि दुपारी गादीवर बहुधा आपली मुले असतात, एवढे लक्षात असू द्यावे.

दिवाणजींना पैसे बुडाल्याचे मी ज्येष्ठातच सांगितले होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, रोजमेळ लिहिला. मी ६० हजार परत देऊ केले, तेव्हा म्हणाले, ‘भैयाजी, सौदा माझा होता.’ मी आग्रह केला, त्यांनी विषय बदलला. असे दोनदा झाले.

संवत्सरीच्या दिवशी आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हणतो. आता तर एक संदेश लिहून दोनशे जणांना पाठवतो. त्या दिवशी मला पुन्हा आनंद श्रावकच आठवला. त्याच्या शब्दावर गौतमस्वामींनी शंका घेतली आणि शेवटी चूक गौतमस्वामींची निघाली, तेव्हा भगवंतांनी त्यांना आनंदाच्या घरी जाऊन क्षमा मागायला सांगितले. गणधर गृहस्थाच्या दारी गेले. मी दिवाणजींच्या घरी गेलो. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच गेलो, हे दारात उभा राहिल्यावर लक्षात आले. त्यांच्या पत्नीने चहा केला. माझा उपवास आहे हे दिवाणजींनी आतून ओरडून सांगितले. मी हात जोडून म्हणालो, ते नेहमीचे दोन शब्द. मग पाकीट ठेवले. त्यांनी ते या वेळी परत केले नाही, उघडलेही नाही. मुलीच्या लग्नाची तारीख ठरल्याचे सांगितले.

दिवाळीला वहीपूजन झाले. नवी वही उघडण्याआधी जुन्या वर्षाचे बंद करायचे असते. दिवाणजींनी चष्मा लावला आणि विचारले, ‘भैयाजी, ते तीन लाख बावीस हजार कोणत्या खात्यात टाकू? दुकान खर्चात घेता येणार नाही, आणि देणेकऱ्यात लिहायला देणाऱ्याचे नाव नाही.’

मी म्हणालो, ‘माझ्या नावे लिहा.’

त्यांनी माझे नाव लिहिले, पुढे रक्कम घातली आणि टीप काढायच्या जागी पेन ठेवून वाट पाहत राहिले.